जपानच्या इसे जिंगू या शिंतो देवस्थानाला आईला नेतोय. चपला, नारळ, दर्शन?

कोथरूडकर
नोव्हेंबरात आई-बाबांसोबत जपान. नागोयाहून एक दिवस इसे ठरलंय. आईचे प्रश्न: चपला कुठे काढायच्या, नारळ चालतो का, गाभाऱ्याच्या किती जवळ जाता येतं? गुडघे दुखतात तिचे.

नागोयावाली
तीन वर्षं तिथे होते, सासूबाईंना दोनदा नेलंय. चपला काढायच्याच नाहीत! उलट चांगले बूट हवेत, आत सगळीकडे खडी आहे. आमच्या सासूबाई कोल्हापुरी घालून आल्या आणि परत येईपर्यंत माझ्या खांद्याला लटकल्या. नारळ घरीच ठेवा.

तिथे मुख्य देवळं दोन. आधी गेकू, म्हणजे बाहेरचं देऊळ, अन्नदेवता तोयोउकेचं. मग नाइकू, म्हणजे आतलं, सूर्यदेवी अमातेरासूचं. गेकू इसेशी स्टेशनपासून चालत पाचेक मिनिटं, पुढे बस. गेकूत डावीकडून चालतात, नाइकूत उजवीकडून. वाटेचा मध्य देवाचा.

नाइकूत हात धुवायला थेट इसुझु नदीवर उतरा. सासूबाईंनी तिथे चक्क आचमन केलं.

आता दर्शन. काही दिसत नाही! समोर पांढरा पडदा. आत पवित्र आरसा आहे म्हणतात, मूर्ती नाही. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. घंटासुद्धा नाही. सासूबाई हिरमुसल्या. तिथे म्हणे फक्त आभार मानायचे, मागणं मागायचं ते मागच्या अरामात्सुरि-नो-मिया या छोट्या देवळापाशी. मग तिथे बराच वेळ उभ्या होत्या. काय मागितलं, सांगितलं नाही. फोटो मुख्य देवळाच्या पायऱ्यांखालूनच.

कोथरूडकर
पण देऊळ फोटोत अगदी नवंकोरं दिसतंय. प्राचीन ना?

नागोयावाली
दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसंच्या तसं नवं बांधतात. पहिल्यांदा 690 मध्ये, शेवटचं 2013 मध्ये, ते 62वं. पुढचं 2033. ती रिकामी जागा आईंना दाखवाच. जुन्या देवळाचे खांब वाया जात नाहीत, नाइकूत शिरतानाच्या उजी पुलाच्या दोन्ही टोकांच्या तोरी, म्हणजे कमानी, त्यांच्याच.

भटक्या
एदो काळात (1603 ते 1868) ज्यांना यात्रा झेपत नसे ते कुत्र्याला पाठवायचे, गळ्यात पैसे बांधून. वाटेतले लोक त्याला खाऊ घालत. आपल्याकडे वारीला मोत्या निघालाय अशी कल्पना करा.

नागोयावाली
हो, आणि पुलाजवळ आकाफुकू खा. 1707 पासूनचं दुकान. मऊ मोचीवर, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यावर, लाल चवळीसारख्या कडधान्याचं पुरण, वर बोटांचे ठसे, म्हणजे नदीच्या लाटा.

कोथरूडकर
बाबांना शुगर आहे. आई म्हणतेय, अर्धा.