सुटे भाग करून ठेवलेली फियाट डिलाइट गाडी घ्यावी का?

दादा (पुणे): सर्वांना नमस्कार. सांगलीजवळच्या एका गावात १९६९ साली नोंदलेली फियाट ११०० डिलाइट विक्रीस आहे. मालकांच्या वडिलांनी ती रंगकामासाठी पूर्ण उकलली होती, पण पुढे त्यांच्या आजारपणामुळे काम तिथेच थांबले. आता बॉडी शेडमध्ये विटांवर उभी आहे, इंजिन जमिनीवर आहे आणि बाकीचे सामान खोक्यांत भरलेले आहे. मालक ८०,००० रुपये सांगतात. आबांची गाडी याच मॉडेलची होती, म्हणून ती घ्यावी असे मला मनापासून वाटते. नाना, आपले मत हवे आहे.

वहिनी: माझा विरोध नाही. मात्र आपल्या सोसायटीत एकच पार्किंग आहे आणि तेही उघडे आहे. गाडी जोडून होईपर्यंत ती कुठे ठेवायची, हे आधी ठरावे.

नाना (सातारा): वहिनींचा प्रश्न अगदी योग्य आहे. बंदिस्त जागा नसेल तर पुढचे काहीच वाचू नये.

आता गाडीबद्दल. ही डिलाइटच्या आधीची, जुनी ‘डुक्कर फियाट’ असती तर मी सरळ नको म्हटले असते, कारण तिचे सुटे भाग मिळवताना दमछाक होते. डिलाइटचे तसे नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती १९६४पासून बनू लागली आणि तीच पुढे पद्मिनी या नावाने निघत राहिली. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३पर्यंत धावत होत्या. त्यामुळे १०८९ सीसीच्या इंजिनाचे पिस्टन, क्लच प्लेट, ब्रेकचे रबर किट यांसाठी शोध घेतला तर वाट सापडते. कठीण असते ते दर्शनी सामान, म्हणजे समोरची जाळी, क्रोमच्या पट्ट्या, दिव्यांच्या काचा आणि दारांच्या मुठी. खोक्यांत हे आहे की नाही, यावर गाडीची किंमत ठरेल.

खरी भीती पत्र्याची आहे. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नसते; बॉडीच सगळा भार पेलते. दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि पुढचे सस्पेन्शन बॉडीला जिथे जोडले जाते त्या जागा गंजाने खाल्ल्या असतील तर तो नुसता रंगकामाचा प्रश्न उरत नाही, गाडीचा सांगाडाच नव्याने बांधावा लागतो. लोहचुंबक फिरवून पाहा. तो जिथे पकडत नाही, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असे समज.

आणखी एक. मी स्वतःच्या गाडीचे इंजिन स्वतः उतरवले होते, तरीही कोणता बोल्ट कुठला हे जुळवण्यात माझे चार रविवार गेले. ही गाडी ज्यांनी उकलली ते आता सांगायला समोर नाहीत, हे लक्षात ठेवूनच भाव कर.

ताई (ठाणे): दादा, कागदपत्रांचे काय? आरसी बुक कोणाच्या नावावर आहे?

दादा (पुणे): मालकांच्या वडिलांच्या नावावर आहे. नोंदणीचे नूतनीकरण बऱ्याच वर्षांत झालेले नाही.

ताई (ठाणे): मग आधी वारस म्हणून गाडी मालकांच्या नावावर व्हावी आणि त्यानंतरच पैशांचे बोलणे व्हावे. बॉडीवर व इंजिनावर ठोकलेले क्रमांक आरसीशी जुळतात का, हेही पाहावे लागेल. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते आणि ती १० वर्षे चालते. त्यासाठी बॉडी, चासी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही, म्हणून बॉडी दुसरी बसवावी लागणार असेल तर हा मार्ग बंद होईल. शिवाय अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. तुम्हाला आईंना दर रविवारी देवळात न्यायचे असेल, तर साध्या नोंदणीचे नूतनीकरण होते का, हे आरटीओत जाऊन विचारावे लागेल.

दादा (पुणे): मला ती चालवायचीच आहे, केवळ मिरवायची नाही. म्हणून प्रथम आरटीओत विचारतो आणि मालकांकडून आरसीचे फोटो मागवतो. जागेसाठी मामांच्या कराडच्या गोदामाबद्दल आजच त्यांच्याशी बोलतो. नाना, कागद जुळले तर येत्या रविवारी आपण माझ्याबरोबर याल का?

नाना (सातारा): येईन. जाताना मोठी ताडपत्री, विजेरी आणि खडू घे. सगळी खोकी ताडपत्रीवर रिकामी करून प्रत्येक भाग मोजू, आणि जे कमी असेल त्याची यादी मालकांसमोरच लिहू. पत्रा सडलेला निघाला तर आबांच्या आठवणीसाठी सुद्धा तुला आगाऊ रक्कम देऊ देणार नाही, हे आताच सांगतो.