मदत हवी आहे: क्वांटम डॉटला प्रतिपिंड जोडताना गुठळ्या होतात

नमस्कार. मी पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. झुआरी नदीतल्या शिनाण्यांच्या (शिंपल्यांच्या) ऊतींत व्हिब्रिओ जिवाणू शोधण्यासाठी, कॅडमियम सेलेनाइडचा गाभा, झिंक सल्फाइडचे कवच आणि वर कार्बॉक्सिल लेप असलेले, ६५५ नॅनोमीटरला लाल चमकणारे क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण) मी प्रतिपिंडाला (जिवाणूला नेमके चिकटणाऱ्या प्रथिनाला) जोडत आहे. फ्लुओरेसीन हे नेहमीचे चमकणारे रंगद्रव्य दिव्याखाली लवकर विझते आणि शिनाण्याची ऊती स्वतःच हिरवट चमकते, म्हणून हा खटाटोप.

अडचण जोडणीतच आहे. बोरेट बफरमध्ये, ७.४ सामूला (पीएचला), ईडीसी हे कार्बॉक्सिलला प्रथिन जोडणारे रसायन घातल्यावर पहिला अर्धा तास नळी अतिनील दिव्याखाली एकसारखी लाल दिसते, पण दोन तासांनी तळाशी बारीक लाल कण बसतात आणि वरचे द्रावण फाटलेल्या सोलकढीसारखे निस्तेज होते. ईडीसीविना ठेवलेली नळी मात्र दोन दिवस जशीच्या तशी राहते, त्यामुळे दोष डॉटचा नसावा. पावसाळ्यात फ्रीजरमधली ईडीसीची बाटली गार असतानाच उघडली गेली, हेही कबूल करते. पण ओलाव्याने ते निकामी होईल, गुठळ्या कशा होतील?

डॉटच्या तुलनेत ईडीसी सध्या सुमारे १५०० पट आहे. ते कमी करावे, की सल्फो-एनएचएस (ईडीसीची जोडणी टिकाऊ करणारे रसायन) सोबत घ्यावे? की हा मार्ग सोडून स्ट्रेप्टाव्हिडिन लावलेले डॉट आणि बायोटिनयुक्त प्रतिपिंड (ही दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात) वापरणे शहाणपणाचे ठरेल? शिवाय, सुटे राहिलेले प्रतिपिंड वेगळे काढण्यासाठी आपण कोणता स्तंभ (रेणू वेगळे करणारी भरलेली नळी) वापरता, तेही कृपया कळवावे.