मदत हवी आहे: गाडीला बाहेरच्या कंपनीचा रेडिएटर घरीच बसवतोय, ब्रॅकेट जुळत नाही आणि दोन जादा तोंडं आहेत

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात राहतो. गाडी २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, एसी चालू स्थितीत. रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी जिथे कोरला (मधल्या जाळीच्या भागाला) दाबून बसवलेली असते, त्या कडेने पाझर लागलाय. उभ्या गाडीखाली थेंब दिसत नाही, पण घाट चढला की तापमानाचा काटा वर सरकतो आणि बॉनेट उघडलं की जाळीवर हिरवट पांढरे ओघळ वाळलेले दिसतात. पुण्याला जाताना बोगदा आहे, त्यामुळे तेव्हा जाणवत नाही. परत येताना खंबाटकीचा घाट चढायचा म्हटला की काळजी सुरू होते. आईला तपासणीसाठी पुण्याला न्यावं लागतं, तिला घेऊन घाटात थांबायची वेळ येऊ द्यायची नाही.

पितळी रेडिएटर असता तर डाग देऊन घेतला असता. ह्या अॅल्युमिनियम-प्लॅस्टिकवाल्याला एम-सील लावून दिवस काढायचे नाहीत, म्हणून बाहेरच्या कंपनीचा नवा मागवला. पाने, जॅक, स्टँड घरात आहेत. क्लच केबल, ब्रेक पॅड, प्लग ही कामं मी स्वतःच करतो, त्यामुळे हेही घरीच करायचं ठरवलंय.

जुना अजून काढलेला नाही. नवा शेजारी ठेवून मापं घेतली तेव्हा हे प्रश्न पडले. नव्याच्या खालच्या टाकीला आटे असलेली दोन बारीक तोंडं आहेत, त्यावर प्लॅस्टिकची बुचं. जुन्याला असं काही नाही. ती उघडी राहिली तर कूलंट बाहेर येईल का? खालच्या दोन खुंट्या रबर बुशात बसतील असं दिसतंय, पण वरच्या ब्रॅकेटची भोकं चार-पाच मिलिमीटर सरकलेली आहेत. कोरही थोडा जाड आहे. जुन्या टोपणावर ०.९ लिहिलंय आणि नव्याबरोबर आलेल्यावर १.१. जास्त प्रेशरचं लावलं तर घाटात फायदाच होईल ना? शेवटचं म्हणजे पाणी. आमच्याकडे नळाला कास तलावाचं पाणी येतं, ते कूलंटमध्ये मिसळायला चालेल का?

ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद (मिरज)

दादा, त्या दोन तोंडांची काळजी सोडा. ती ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीसाठी असतात. टाकीच्या आत एक छोटा ऑइल कूलर असतो, गिअरबॉक्सचं तेल त्यातून फिरतं. त्याचा कूलंटशी संबंध नाही. बाहेरच्या कंपन्या दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालेल असा एकच नग काढतात. बुचं तशीच राहू द्या, म्हणजे आत माती जाणार नाही. गाडी चालू केल्यावर तिथून कूलंट आलं तर मात्र नगच सदोष आहे, बदलून घ्या. म्हणून बिल आणि खोकं जपून ठेवा.

ब्रॅकेटच्या बाबतीत मन लावून वाचा. बोल्ट आवळून रेडिएटर ओढून बसवू नका. तापल्यावर तो फुगतो, निवल्यावर आकसतो. आधीच ताण देऊन बसवला तर प्लॅस्टिकच्या टाकीला कानापाशी तडा जातो. रेडिएटर आधी खालच्या रबर बुशात नीट बसू द्या, मग गाडीच्या ब्रॅकेटचं भोक गोल कानशीने लांबट करा. कानस ब्रॅकेटवर चालवायची, रेडिएटरच्या कानावर अजिबात नाही. शेवटी हाताने हलवलं तर रबरात किंचित हलला पाहिजे.

कोर जाड असेल तर फॅन बसवल्यावर पाती हाताने पूर्ण फिरवून बघा. जाळीला घासत नाहीत ना, आणि फॅनची मोटर मागे इंजिनाच्या कुठल्या भागाला टेकत नाही ना, दोन्ही बघा. इंजिन झटका खाताना पुढे येतं, त्याला जागा राहायला हवी.

प्रतिसाद (कुपवाड, गॅरेजचं काम करतो)

सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह काढून करा. बऱ्याच गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन आपोआप सुरू होऊ शकतो आणि बोटं तिथेच असतात. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम असताना टोपण फडक्याने धरूनही उघडू नका, उकळती वाफ थेट तोंडावर येते.

एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. त्याचे फक्त क्लॅम्प सोडवायचे, पाइपांना पाना लावायचा नाही. पाइप सुटला तर गॅस जाईल. कंडेन्सर सुतळीने वर बांधून ठेवा, पाइपावर लोंबकळू देऊ नका.

जुना होस (रबरी पाइप) निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. होस नाहीतरी बदलायचाच आहे, ब्लेडने उभा चिरा आणि सोलून काढा. नवा रेडिएटर खाली सोडताना फॅनच्या आणि जाळीच्या मध्ये खोक्याचा पुठ्ठा धरा. ह्या जाळीच्या पात्या कागदासारख्या असतात, पान्याचा कोपरा लागला तरी मुडपतात, आणि मुडपलेल्या जागेतून हवा जात नाही.

टोपण ०.९ चंच लावा. नवं घ्या, पण गाडीला जे सांगितलंय तेच. साताऱ्यात साधं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं, कारण गाव उंचावर आहे. ०.९ च्या टोपणाने तेच ११७ च्या आसपास जातं, कूलंट असेल तर आणखी वर. तेवढं पुरे आहे. १.१ लावलंत तर जादा दाब बाकीच्या जुन्या होसवर आणि आत डॅशबोर्डमागच्या हीटरच्या कोरवर येतो. तो फुटला तर पायाखालचा गालिचा भिजतो आणि अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतो.

कासचं पाणी प्यायला चांगलं, पण रेडिएटरमध्ये नको. नळाच्या पाण्यात क्षार असतात, वर क्लोरीन, आणि अॅल्युमिनियमला ते मानवत नाही. बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड पाणी वापरा किंवा तयार मिसळलेलं कूलंट आणा. रंग बघून कूलंट घेऊ नका. हिरवं-लाल हे प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकार बघा, आणि भरण्याआधी बॅटरीच्याच पाण्याने आतली जुनी घाण धुऊन काढा.

एक विचारतो. टोपण काढून थंड इंजिन चालू केलं तर सतत बुडबुडे येतात का? ऑइलच्या टोपणाखाली दुधाळ साय दिसते का? तसं असेल तर हेड गॅसकेट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलंय, आणि नव्या रेडिएटरनेही काटा खाली येणार नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. बुडबुडे नाहीत, ऑइलही स्वच्छ आहे. वरचा-खालचा दोन्ही होस आणि थर्मोस्टॅट नवीनच आणलाय. कूलंट भरताना आत अडकलेली हवा काढायची कशी? ह्या गाडीला वेगळा ब्लीड स्क्रू नाही.

प्रतिसाद (कुपवाड)

साताऱ्यात राहता, उतार शोधायला लागायचा नाही. गाडीचं तोंड चढाकडे करून लावा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दगड लावा. रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच आलं की हवा तिथूनच निघते. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. कूलंट सावकाश भरा, इंजिन चालू करा, टोपण उघडंच असू द्या. पातळी खाली जाईल तशी भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की खालचा होस एकदम गरम लागतो. मग बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघा आणि फॅन एकदा तरी लागून बंद होऊ द्या. आत हीटरची हवा गरम येत नसेल तर अजून हवा अडकलेली आहे. इंजिन बंद करून निवू द्या आणि परत भरा. टोपण लावल्यावर बाजूची बाटलीही खुणेपर्यंत भरा.

प्रतिसाद (मिरज)

कळकळीने सांगतो, काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड लागतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं जातात. घमेल्यात धरा, लगेच कॅनमध्ये भरून झाकण लावा आणि गॅरेजमध्ये जुनं ऑइल गोळा करतात तिथे विचारून द्या. फरशीवर सांडलेलं भरपूर पाण्याने धुवा.

मूळ प्रश्नकर्ता

हे लक्षातच आलं नसतं. आमच्या गल्लीत कुत्र्याची पिल्लं आहेत, कॅन आधी आणतो आणि मगच ड्रेन कॉक उघडतो. एकच राहिलं: होसच्या क्लिपा नंतर परत आवळायच्या का?

प्रतिसाद (कुपवाड)

स्क्रूच्या असतील तर हो. पहिल्यांदा तापून पूर्ण निवल्यावर हलक्या हाताने एकदा, प्लॅस्टिकच्या नळीवर जोर लावू नका. स्प्रिंगच्या असतील तर गरज नाही. आधी यवतेश्वरचा घाट चढून काटा बघा, खाली उतरून गाडी निवली की बाटलीतली पातळी बघा, आणि मगच आईंना घेऊन पुण्याला निघा.