बोलून गेलो आणि वास्तूने ‘तथास्तु’ म्हटलं – तुमचे अनुभव लिहा

काल लेक जिनीची जुनी मालिका बघत होती. मालक सहज काहीतरी बोलून जातो, ती हातांची घडी घालून डोळे मिचकावते आणि पुढे सगळा घोळ. लेक खिदळत होती, मला आजी आठवली. गिरगावच्या आमच्या खोलीत तिन्हीसांजेला कुणी वेडंवाकडं बोललं की ती लगेच म्हणायची, "शुभ बोल गं, वास्तू तथास्तु म्हणत असते."

२५ जुलै २००५, सोमवार. दमून आले आणि चपला काढता काढता म्हटलं, "असा पाऊस पडू दे की लोकलच बंद." दुसऱ्या दिवशी बंद झाल्या, पण मी अंधेरीच्या ऑफिसात पोचल्यावर. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. कुलाब्याला शंभरसुद्धा नाही, त्यामुळे गिरगावात कुणाला कल्पनाच येईना. फोन मुके. रात्र टेबलावर काढली, सकाळी चालत निघाले. माहीमला अनोळखी बायकांनी चहा-बिस्किटं हातात दिली. घरी पोचले तर आजी देवापुढे. आई म्हणाली, रात्रभर एकच चाललं होतं, "पोरीचं बोलणं मी परत घेते."

तुमचंही लिहा.

पन्हं
आजीचं वाक्य वाचून डोळे भरले गं. मी त्या दिवशी कलिन्याला बसमध्ये १४ तास. कंडक्टरने स्वतःचा डबा सगळ्यांना वाटला. कुकर झाला, नंतर येते.

जलदगाडी
"देवा, आज फक्त खिडकी मिळू दे." बोरिवलीला अख्खा डबा रिकामा! मिळाली खिडकी. गाडी निघाली ती थेट कारशेडला 😄

पन्हं
😂😂 अनाउन्समेंट ऐकायची ना!

खडीसाखर
ती मालिका सिडनी शेल्डनने निर्माण केली, हो, तोच कादंबऱ्यांवाला. १९६५ ची. पहिला सीझन ब्लॅक अँड व्हाइट होता. आम्ही हिंदीत बघायचो.

भोंगा
माझा अनुभव हसण्यासारखा नाही, पण लिहितो. लालबाग. बाबा मिलमध्ये, रात्रपाळी असली की दिवसा झोपलेले. आम्हाला कुजबुजत खेळावं लागे. मी सात वर्षांचा, एकदा रडत म्हटलं, "बाबा रोज घरीच असू देत." १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. बाबा घरीच. पहिला महिना मला सण वाटला, कॅरम शिकवला त्यांनी. मग आईच्या बांगड्या गेल्या, गावाहून तांदूळ येऊ लागला. अडीच लाख कामगारांचा संप होता तो, माझ्या बोलण्याने झाला नाही हे आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. वर्षभर मी देवाला "बाबांना परत पाळी दे" म्हणत होतो. मिल उघडली, बाबांना घेतलं नाही. कॅरमबोर्ड अजून आहे, पावडर टाकून नातवंडं खेळतात.

जलदगाडी
दादा, काय बोलू. माझे काकाही परळला मिलमध्ये होते.

भोंगा
कुठल्या खात्यात? बाबा स्पिनिंगला.

पन्हं
आले परत. भोंगादादा 🙏 आणि धागाताई, गिरगावात कुठे? माझं माहेर झावबाची वाडी.

धागाकर्ती
अय्या, आम्ही पलीकडेच, ठाकूरद्वारला! गणपतीत येतेस का? आजीची खोली आहे अजून.