जुन्या चित्रपटाची ‘स्पेशल एडिशन’ साध्या डीव्हीडीपेक्षा वाईट कशी? खात्री कशी करायची?

रीळप्रेमी:
एकाच कृष्णधवल चित्रपटाच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून बघतोय. एक जुनी साधी डीव्हीडी, लांबी १४३ मिनिटं. दुसरी नवी ब्लू-रे. तिच्या वेष्टणावर ‘स्पेशल एडिशन’, ‘४के रिस्टोरेशन’, ‘संपूर्ण आणि अखंड’ असं सगळं छापलंय, पण लांबी १३७ मिनिटं. म्हणजे सहा मिनिटं गेली कुठे? शिवाय जवळच्या शॉटमध्ये चेहरे मेणाचे वाटतात, काळ्या कोटाच्या चुण्या दिसतच नाहीत, गाणी जरा चढी लागतात आणि मूळ मोनो (एकाच चॅनलचा) ध्वनी नाहीच, फक्त ५.१ (सहा चॅनलचा, चहूबाजूंच्या स्पीकरांसाठीचा) आहे. यातला कुठला दोष डिस्कचा, कुठला आपल्या यंत्रांचा, हे वेगळं कसं करायचं? डिस्क परत करायची तर पुरावा काय द्यायचा?

चोवीसफ्रेम:
आधी लांबीचं बघू, कारण बाकीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथेच सापडेल. १३७ ला १४३ ने भागा, ०.९६ येतं. २४ भागिले २५ सुद्धा ०.९६. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनी चालतो. पाल पद्धतीच्या (सेकंदाला २५ फ्रेम दाखवणाऱ्या) टीव्हीसाठी मास्टर, म्हणजे पुढच्या सगळ्या प्रती जिच्यावरून निघतात ती प्रत, करताना तो सरळ २५ फ्रेमनी पळवायचे, आणि मग १४३ मिनिटांचा चित्रपट १३७ मिनिटं १७ सेकंदांत संपतो. त्यात एकही फ्रेम कापलेली नसते.

कापलंय की पळवलंय हे ठरवायला तीन खुणा पुरतात. डीव्हीडीवर ३०:००, १:००:०० आणि २:००:०० या वेळांना कोणता शॉट आहे ते टिपा. तेच शॉट ब्लू-रेवर २८:४८, ५७:३६ आणि १:५५:१२ च्या आसपास आले तर नुसता वेग वाढवलाय. फरक सारख्या प्रमाणात न वाढता मध्येच उडी मारत असेल तर त्या दोन खुणांच्या दरम्यान काहीतरी गेलंय. मग तेवढाच भाग शॉट-शॉट ताडून बघा. सुरुवातीला नवा लोगो किंवा सूचना जोडलेली असते, तेवढे सेकंद वजा करायला विसरू नका. आणि आठ-नऊ सेकंदांच्या फरकाने बिचकू नका. २४ ऐवजी २३.९७६ फ्रेमनी चालवलं की १४३ मिनिटांत तेवढा फरक पडतोच.

गाणी चढी लागतात तेही यामुळेच. या वेगवाढीत सूर अर्ध्या स्वराच्या साधारण सात दशांश इतका वर जातो. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ पोचतं, पण तिथेही नीट बसत नाही. पेटी घ्या आणि एकाच गाण्याचा षड्ज दोन्ही डिस्कवर लावून बघा. काही ठिकाणी वेग वाढवून सूर सॉफ्टवेअरने परत खाली आणलेला असतो. तिथे कान फसतात, घड्याळ फसत नाही.

आता वेष्टणावरच्या दाव्याचं. ब्लू-रेवर १०८० रेषांचं चित्र २४ फ्रेमनी थेट ठेवता येतं. निगेटिव्ह नव्याने स्कॅन करणाऱ्याला २५ वर जायचं कारणच उरत नाही. प्लेअरचं आउटपुट ‘सोर्स डायरेक्ट’वर ठेवा (नाहीतर प्लेअर स्वतः रूपांतर करून पाठवतो) आणि माहितीपट्टी उघडा. तिथे ‘१०८०पी २४’ऐवजी ‘१०८०आय ५०’ (सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे २५ फ्रेम) दिसलं, तर टीव्हीसाठी कधीकाळी केलेला मास्टर नव्या वेष्टणात घातलाय असंच मी धरेन. मग ‘४के’ हा शब्द कशाच्या आधारावर छापला, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

निगेटिव्ह:
चेहऱ्यांवर निकाल द्यायच्या आधी टीव्ही निर्दोष आहे ना ते बघा. नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग बंद, शार्पनेस शून्यावर किंवा त्या टीव्हीच्या तटस्थ आकड्यावर. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. प्लेअरमध्येही वेगळं नॉइज रिडक्शन असतं, ते हमखास विसरलं जातं. कोटाच्या चुण्यांचा संशय मला आधी एचडीएमआयच्या (प्लेअर-टीव्ही जोडणीच्या) रेंजवर आहे, म्हणजे काळा आणि पांढरा कोणत्या आकड्यांवर धरायचे त्यावर. डिस्कवर काळा १६ आणि पांढरा २३५ या आकड्यांवर असतो. प्लेअर ‘लिमिटेड’ पाठवत असेल आणि टीव्ही ‘फुल’ समजत असेल तर चित्र फिकट, धुरकट होतं. उलट झालं तर सावल्यांतला तपशील गिळला जातो. दोन्हीकडे एकच रेंज ठेवा. तरीही चुण्या दिसल्या नाहीत तर दोष मास्टरचा.

आता ग्रेन. फिल्मवरचं चित्र मुळात दाण्यांचंच बनलेलं असतं, ते दाणे चित्रावर बसलेली धूळ नव्हेत. सॉफ्टवेअरने ते पुसले की त्यांच्याबरोबर त्वचेची रंध्रं, पापण्या, सुती कापडाची वीण, सगळं जातं. तपासायला एक स्थिर क्लोजअप निवडा, थांबवा, आणि दहा-बारा फ्रेम एकेक करून पुढे न्या. मागच्या मोकळ्या भिंतीकडे बघा. खरा ग्रेन प्रत्येक फ्रेमला नव्याने विखुरतो. पुसलेल्या चित्रात भिंत सपाट दिसते, किंवा दाणे काचेवर चिकटल्यासारखे जागीच राहतात आणि चेहरा त्यांच्या मागून सरकतो. मान वळताना गालामागे पुसट ओघळ राहतो. केसांच्या बटा चिकटून एक पट्टा होतो. खांद्याच्या कडेने पांढरी बारीक रेघ दिसली तर पुसून झाल्यावर कृत्रिम धारही दिलीय.

पावसाचा किंवा ठिणग्यांचा प्रसंग असेल तर तो मुद्दाम बघा. धूळ काढणारं स्वयंचलित सॉफ्टवेअर ‘एकाच फ्रेममध्ये आहे, मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नाही’ एवढ्यावरून डाग ओळखतं. पावसाचा थेंबही त्याला डागच वाटतो. माणसाने शॉट-शॉट नजरेखालून घातलेलं नसेल तर भर पावसात मधल्याच काही फ्रेम कोरड्या निघतात. अलीकडच्या एआय अपस्केलिंगची (कमी तपशिलाचं चित्र यंत्राने मोठं करण्याची) खूण वेगळी: मागच्या पाट्यांवरची अक्षरं. धूसर अक्षर धूसर राहायला हवं. त्याच्या जागी ठसठशीत पण वाचता न येणारा आकार आला असेल तर तो यंत्राने मनाने काढलाय.

वेष्टणावरच्या शब्दांबद्दल. ‘डिजिटली रिमास्टर्ड’ला काहीही ठरलेला अर्थ नाही. ‘४के रिस्टोरेशन’ ब्लू-रेवर असेल तर स्कॅन किंवा काम ४के मध्ये (सुमारे चार हजार पिक्सेल रुंदीत) झालं एवढंच. डिस्कवरचं चित्र १०८० रेषांचंच राहतं, आणि त्यात गैर काही नाही. खरा प्रश्न स्कॅन कशाचा केला हा. कॅमेरा निगेटिव्ह, त्यावरून काढलेला मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह आणि शेवटी थिएटरची प्रिंट. प्रत्येक पिढीला तपशील कमी होतो आणि कॉन्ट्रास्ट चढत जातो. म्हणून निगेटिव्हचा २के स्कॅन प्रिंटच्या ४के स्कॅनपेक्षा कितीतरी सरस असू शकतो. प्रामाणिक प्रकाशक पुस्तिकेत चार ओळी देतातच: कोणत्या घटकावरून स्कॅन, किती रिझोल्यूशनला, कुठे, ध्वनी कशावरून, रंग किंवा छटा कुणी मंजूर केल्या. जाडजूड पुस्तिकेत लेख आणि पोस्टरं भरपूर, पण या चार ओळी नाहीत, अशी आवृत्ती मी तरी आगाऊ नोंदवणार नाही.

मोनोच_बरा:
ध्वनीवर कुणीतरी सविस्तर लिहायलाच हवं. ‘मोनो ठेवायला डिस्कवर जागा नव्हती’ हे कारण हिशोबात टिकत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एक चॅनल, कसलंही कॉम्प्रेशन न करता: सेकंदाला १.१५ मेगाबिट. १४३ मिनिटांचे जेमतेम सव्वा जीबी. ५० जीबीच्या डिस्कवर मूळ ध्वनी वगळणं ही निवड आहे, अडचण नाही. ज्या चित्रपटाचं ध्वनिमिश्रण एकाच पडद्यामागच्या स्पीकरसाठी झालं, त्याचे संवाद समोर आणि व्हायोलिनं पाठीमागे नेली की गायकाचा आवाज वाद्यांपासून सुटून पोकळ वाटायला लागतो.

कुठल्या डिस्कवर ‘मूळ मोनो’ लिहून २.० (दोन चॅनलचा) ट्रॅक दिला असेल तर तो खरंच मोनो आहे का हे ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत कळतं. ट्रॅकचा एक तुकडा ध्वनिमुद्रित करून घ्या, स्टिरिओ ट्रॅक दोन मोनोंत फोडा, त्यातला एक ‘इन्व्हर्ट’ करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. खरा मोनो असेल तर जवळजवळ शांतता. प्रतिध्वनीसारखं काही उरलं तर तो ५.१ वरून परत खाली उतरवलेला ट्रॅक.

खरखर जास्त पुसली आहे का हे कानांनीच ओळखावं लागतं. हेडफोन लावा आणि दोन वाक्यांमधली जागा ऐका. बोलताना खोलीचा आवाज आहे आणि वाक्य संपताच एकदम विहिरीत पडल्यासारखी शांतता, म्हणजे नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावलंय. ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले असतील तर वरचा भागही कापलाय. मात्र नुसत्या स्पेक्ट्रोग्रामवरून (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखावरून) निकाल देऊ नका. जुन्या ऑप्टिकल (फिल्मच्या कडेला छापलेल्या) ट्रॅकमध्ये ८ किलोहर्ट्झच्या वर मुळातच फारसं काही नसतं, त्यामुळे वरचा पट्टा रिकामा दिसणं हा दोषाचा पुरावा होत नाही.

रीळप्रेमी:
सगळं करून पाहिलं. खुणा २८:५१, ५७:३९ आणि १:५५:१५ ला येतात. सुरुवातीचा नवा लोगो ३ सेकंदांचा आहे, म्हणजे काही कापलेलं नाही. माहितीपट्टीवर १०८०आय ५०. रेंज जुळवल्यावर कोटाच्या चुण्या बऱ्याचशा दिसल्या, तो दोष आमचाच होता. चेहऱ्यांमागची भिंत मात्र सगळीकडे सपाट. बिटरेट (सेकंदाला किती माहिती वाचली जाते ते) बघायचा सोपा मार्ग आहे का? आणि बदली डिस्क मागावी की पैसे?

चोवीसफ्रेम:
बिटरेटसाठी डिस्क संगणकाच्या ब्लू-रे ड्राइव्हमध्ये घाला, बीडीएमव्ही फोल्डरमधल्या स्ट्रीममध्ये जा. सर्वांत मोठी फाइल बहुधा चित्रपटाची. तिचे जीबी गुणिले ८०००, भागिले लांबीचे सेकंद. उदाहरणार्थ २२ जीबी आणि ८२३७ सेकंद म्हणजे सरासरी २१ मेगाबिट, आवाज धरून. विंडोज जीबी वेगळ्या हिशोबाने मोजतं. त्यामुळे २५ जीबीची भरलेली डिस्क २३.३ दिसते आणि ५० ची ४६.६. एकूण वापर २३.३ च्या आत असेल तर ती एकाच थराची असावी. कृष्णधवल चित्रपटाला २१ कमी नाही, पण ग्रेन दाट असेल तर धुक्यात आणि फेड होताना चौकोन दिसू लागतात. तुमच्याकडे ग्रेनच नाही, त्यामुळे बिटरेट वाढवूनही काही हाती लागणार नाही.

बदलीचं: आधी दोष कुठल्या टप्प्यावरचा ते ठरवा. एकाच जागी अडकते, चौकोन उडतात, तर आधी डिस्क धुवा. कोमट पाणी, भांडी घासायच्या सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ मायक्रोफायबर, मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमी खाली असतो, डीव्हीडीचा ०.६. म्हणून बोटाचा ठसाही त्रास देतो, आणि पुठ्ठ्याच्या घट्ट खाचेतून ओढून काढलेल्या डिस्कवर तर असे ठसे आणि ओरखडे असतातच. धुऊनही तिथेच अडकली तर तो छपाईचा दोष; दुसरी प्रत मागा, काम होईल.

आवाज मागे-पुढे सरकतो, सबटायटलं चुकीच्या प्रसंगाला येतात, ट्रॅक वेष्टणावर छापलाय पण वाजत नाही, हे डिस्क रचतानाचे दोष. यात त्याच खेपेची दुसरी प्रत निरुपयोगी. डिस्कच्या मधल्या चकचकीत कड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा फोटो तक्रारीला जोडा आणि बदली आली की तिच्यावरचा क्रमांक ताडून बघा. तोच असेल तर दुरुस्त डिस्क आलेलीच नाही.

तुमचा दोष मास्टरचा आहे. त्याला बदली नसते, तेव्हा पैसेच मागा, आणि ‘चित्र आवडलं नाही’ असं लिहू नका. वेष्टणावरच्या ‘४के रिस्टोरेशन’चा फोटो, माहितीपट्टीवरच्या ‘१०८०आय ५०’चा फोटो, तिन्ही खुणांच्या दोन्ही डिस्कवरच्या वेळा, आणि भिंतीच्या शॉटच्या सलग तीन फ्रेम टाइमकोडसह. सोबत एकच प्रश्न विचारा: हा स्कॅन कशावरून आणि किती फ्रेमनी केला? परतीची मुदत संपायच्या आत पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत वेष्टणाचं प्लास्टिकसुद्धा टाकू नका.