मदत हवी आहे: उतारावर गाडी डावीकडे आडवी झाली, आता हँडल तिरकं वाटतंय

पहिला_गिअर (पुणे)

गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, नवीन, ७०० किमी झालेत. लायसन्स पक्कं आहे, पण गिअरची गाडी पहिल्यांदाच चालवतेय. सोसायटीच्या बेसमेंटच्या उतारावर, वळणात, चालण्याच्या वेगात पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे लवंडली. लेग गार्ड होतं. मला लागलेलं नाही. पुढच्या गोष्टी विचारायच्या आहेत:

१. उभी केल्यावर सेल्फ मारला तर इंजिन धरेना. थोड्या वेळाने चावी बंद करून परत चालू केली तेव्हा सुरू झालं. मिनिटभर फिकट धूर आला, मग थांबला. आत काही बिघडलं असेल का?
२. क्लच लिव्हरचं टोक बाहेर वाकलंय. गिअरचा लिव्हर दाबला की इंजिनच्या कव्हरला लागतो.
३. सरळ जाताना हँडल थोडं डावीकडे वळलेलं दिसतं.
४. उंची ५ फूट २ इंच. एकटीने उचलता आली नाही. काही पद्धत आहे का?
५. इन्शुरन्समधून करावं का?

---

तेल_पाना

तुम्हाला लागलं नाही हे सगळ्यात बरं झालं. आता एकेक बघू.

इंजिन न धरणं हा बिघाड नाही. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांमध्ये बहुधा गाडी आडवी झाल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. ठरावीक कोनापलीकडे गाडी कलली की तो पेट्रोल पंप बंद करतो, आणि गाडी नुसती उभी केली म्हणून तो परत चालू होत नाही. चावी पूर्ण बंद करायची, काही सेकंद थांबायचं, मग चालू करायची. चावी चालू करताना टाकीखालून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येतो, तो पंपाचा. आवाज आला नाही तर आधी लाल किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) बघा, पडताना तो हमखास दाबला जातो. साइड स्टँड वर घेतलेला असतानाही गिअर टाकला आणि इंजिन बंद पडलं, तर स्टँडचा स्विच वाकलाय का ते बघा.

धूर आला कारण गाडी आडवी असताना क्रँककेसमधलं (इंजिनच्या तळातलं) तेल ब्रीदरच्या (इंजिनमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात आणि थोडं सिलिंडरमध्ये जातं. ते जळून गेलं की धूर थांबतो, तुमचा थांबलाच आहे. तरी गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी करून काचेच्या खिडकीतून तेलाची पातळी बघा. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर पाचेक मिनिटं तेल खाली उतरू द्या. पातळी खालच्या रेषेच्या वर हवी. एअर फिल्टरच्या डब्याची खालची नळी तेलाने भरली असेल तर रिकामी करून घ्या.

क्लच लिव्हर ॲल्युमिनियमचा आहे. गार असताना सरळ करायला जाऊ नका. तो वाकतो तेव्हा दिसत नाही, पण मुळाशी तडा जातो आणि नंतर कधीतरी भर सिग्नलला हातात येतो. बोटं नीट पोचत असतील तर आहे तसा वापरा आणि नवा आणून ठेवा. बदलताना केबलचा मोकळा खेळ पुस्तिकेतल्या मापाला लावा. बऱ्याच गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिमी असतो. खेळ शून्य राहिला तर क्लच प्लेटा घसरतात आणि जळतात.

याच कामात आणखी एक करा. लिव्हर ज्या क्लॅम्पने हँडलला धरलेला असतो त्याचे बोल्ट जीव खाऊन आवळू नका. चालवताना हलू नये पण हाताने जोर लावला तर फिरावा, इतकेच घट्ट ठेवा. पुढच्या वेळी गाडी पडली तर क्लॅम्प फिरेल आणि लिव्हर वाचेल.

गिअरचा लिव्हर लोखंडी आहे, तो सरळ होतो. पण गाडीवर असताना ठोकून किंवा पाइप घालून वाकवू नका. तो सगळा जोर गिअर शाफ्टवर आणि त्याच्या ऑइल सीलवर जातो, मग तिथून तेल झिरपायला लागतं. आधी शाफ्ट आणि लिव्हरवर मार्करने एकच आडवी रेघ मारा, म्हणजे परत त्याच दातावर बसेल. बोल्ट (बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो) नुसता ढिला करून चालत नाही, पूर्ण काढायचा, कारण तो शाफ्टच्या खाचेतून आडवा जातो. मग लिव्हर बाहेर काढून वाइसमध्ये धरून सरळ करा. बसवल्यावर कव्हरपासून बोटभर अंतर सुटायला हवं.

आता हँडल, आणि तुमच्या यादीतलं हेच खरं महत्त्वाचं काम आहे. डावं टोक जमिनीवर आपटलं की हँडल मागे ढकललं जातं, पण चाक जागच्या जागी राहतं. दोन्ही शॉकअप (पुढच्या चाकाचे दोन पाइप) टी-मध्ये (त्यांना धरणाऱ्या हँडलखालच्या पट्टीत) किंचित पिळले जातात. मेकॅनिक याला «हँडल आउट» म्हणतात. बहुतेक वेळा काही वाकलेलं नसतं, फक्त पकड सरकलेली असते. समोर दोन मीटरवर उभं राहून बघा: हँडलची दोन्ही टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर आहेत का? असली तर शॉकअपचा पीळ. एक टोक वर-खाली असेल तर हँडलचा पाइपच वाकलाय, तो बदलायचा.

पीळ काढायला पुढचा ॲक्सल आणि खालच्या टी-चे बोल्ट ढिले करतात, चाक गुडघ्यांत धरतात आणि हँडल उलट्या दिशेने झटक्याने फिरवतात. मग पुढचा भाग दोन-चारदा दाबून शॉकअप बसू देतात आणि टॉर्क पान्याने (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना) आवळतात. तुमच्या मॉडेलला हेडलाइटचं आवरण वरच्या टी-भोवती आहे, त्यामुळे हे स्वतः करू नका. अर्ध्या तासाचं काम आहे. «टॉर्क पान्यानेच आवळा» हे मात्र उभं राहून सांगा.

---

घाट_उतार

तेल_पाना यांच्यात एकच भर: परत रस्त्यावर न्यायच्या आधी थ्रॉटल (उजव्या हाताची ॲक्सिलरेटरची मूठ) फिरवून सोडून बघा. हँडल मधोमध, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे, तिन्ही वेळा तो टचकन मागे यायला हवा. उजवीकडे पडलेल्या गाडीत ग्रिप आत सरकून थ्रॉटल अडकतो. तुमची डावीकडे पडली असली तरी हँडल आउट झाल्यावर केबल ताणली जाऊ शकते. पुढची ब्रेकची रबरी नळीही कुठे दबलीय का बघा, आणि चाक उचलून फिरवा, डिस्क पॅडला घासत नाही ना. लेग गार्डचे बोल्टही तपासा. ते आत वाकून इंजिनाला टेकलं असेल तर पुढचा फटका थेट इंजिनवर जाईल.

आता उचलायचं. उंचीचा प्रश्न नाही, प्रश्न पाठीचा आहे. समोर तोंड करून, कमरेत वाकून १९५ किलो उचलायला गेलं की पाठ धरते. जोर मांड्यांनी लावायचा.

आधी किल स्विच, चावी बंद. पेट्रोल सांडलंय का, वास येतोय का बघा. असेल तर आसपास कुणाला विडी-सिगारेट ओढू देऊ नका. गाडी घसरू नये म्हणून पहिला गिअर टाका. डावीकडे पडली तर लिव्हर खाली अडकतो. लेग गार्डमुळे फट असेल तर हाताने टाकता येतो, मागचं चाक थोडं हलवलं की गिअर बसतो. नाहीच जमलं तर पुढचा ब्रेक दाबून रुमालाने ग्रिपला घट्ट बांधा आणि चाकाखाली वीट लावा.

हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण लॉकपर्यंत वळवा, म्हणजे डावीकडे पडली तर डावीकडे. खालची ग्रिप टाकीजवळ येते. आता गाडीकडे पाठ करून बसकण मारा, कुल्ले सीटच्या कडेला टेकलेले. एका हाताने ती ग्रिप धरा, दुसऱ्याने मागचा लोखंडी हात किंवा फ्रेमचा पाइप. इंडिकेटर, आरसा, नंबरप्लेट, सायलेन्सर यांना हात लावायचा नाही. पहिले तीन तुटतात आणि चौथा भाजतो. पाठ ताठ, नजर समोर, आणि पायांनी मागे मागे छोटी पावलं टाकत उठा. सुरुवातीचा जोर सगळ्यात जास्त लागतो, अर्ध्यावर आली की हलकी होते. तिथेच लोक झटका देतात आणि गाडी पलीकडे पाडतात. त्यामुळे शेवटचा टप्पा सावकाश.

चपलेने करू नका. पायाखाली खडी, ओलं शेवाळ किंवा सांडलेलं पेट्रोल असेल तर आधी पायाने किंवा मातीने साफ करा. चाकं चढाकडे आणि सीट उताराकडे असेल तर तशीच उचलू नका, ताकद जास्त लागते. लेग गार्डवर फिरवून गाडीचं तोंड चढाकडे करा, मग उचला. आणि मदतीला माणूस असेल तर एकटीने करण्यात काही अर्थ नाही. एक हँडलला, एक मागे, आणि «एक-दोन-तीन» एकानेच म्हणायचं.

---

पहिला_गिअर

खूप आभार. हँडलच्या दोन्ही टोकांची उंची समान आहे, म्हणजे पीळच. थ्रॉटल तिन्ही ठिकाणी सुटतोय. उजवीकडे पडली तर काय वेगळं? आणि पडलीच का, वेग तर काहीच नव्हता.

---

घाट_उतार

उजवीकडे पडली तर उचलायच्या आधी साइड स्टँड उघडा. स्टँड डावीकडे असतो, त्यामुळे गाडी उभी होऊन पलीकडे झुकली तरी स्टँडवर बसेल. डावीकडे पडलेल्या गाडीला ही सोय नाही, म्हणून शेवटी ती मांडीला टेकवून धरायची, पायाने स्टँड काढायचा आणि मगच सोडायची.

पडली वेग नव्हता म्हणूनच. चाकं फिरत असतात तेव्हा हँडल हलवून तोल सावरता येतो, थांबायच्या बेतात असताना ती सोय संपते. वळलेल्या हँडलने पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक जागीच अडतं, मागचं वजन पुढे रेटतं आणि गाडी वळणाच्या आतल्या बाजूला कोसळते. उतारावर तर वजन आधीच पुढे आलेलं असतं. गाडी १० अंश कलली की गुरुत्वमध्याच्या उंचीवर सुमारे ३४ किलोचा ओढा येतो, तो पेलता येतो. ३० अंशांवर तोच ९७ किलोच्या वर जातो. तिथे पाय घालू नका, हँडल सोडा आणि बाजूला व्हा. लिव्हर नवा मिळतो.

त्या उतारावर यापुढे: पहिला गिअर, क्लच अर्धा, फक्त मागचा ब्रेक, नजर वळणाच्या शेवटाकडे. पुढच्या ब्रेकवर बोट नकोच. थांबायचं असेल तर आधी हँडल सरळ, मग ब्रेक. सराव सपाट मैदानात करा: मागचा ब्रेक हलका दाबून ठेवायचा आणि अर्ध्या क्लचवर चालण्यापेक्षा हळू गाडी ओढायची. मग आठचा आकडा, रोज पंधरा मिनिटं. क्लच तापल्याचा वास आला की थांबा.

---

कलम_वाचक

इन्शुरन्सचं राहिलं. फक्त थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काही मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह (स्वतःच्या गाडीचंही नुकसान धरणारं) असेल तर दुचाकीला सक्तीची वजावट (क्लेममधली तुम्ही भरायची रक्कम) १०० रुपये, त्याशिवाय रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा (जुनेपणामुळे कमी धरलेली किंमत) कापतात. धातूच्या भागांना पहिले सहा महिने घसारा नाही. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर घसाऱ्याचा प्रश्न येत नाही.

पण क्लेम केला की नूतनीकरणाच्या वेळी ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळणारी २० टक्के नो क्लेम बोनसची सूट जाते, आणि पायऱ्या (२०, २५, ३५, ४५, ५०) परत पहिल्यापासून सुरू होतात. एक क्लच लिव्हर आणि पीळ काढण्याची मजुरी एवढ्यासाठी क्लेम करू नका. हँडलचा पाइप, हेडलाइटचं आवरण किंवा इंजिनचं कव्हर बदलावं लागलं तर हिशेब वेगळा. तसं असेल तर काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअरने बघेपर्यंत काहीही उघडू नका. फोटो आजच काढून ठेवा, किलोमीटरच्या आकड्यासकट.

---

पहिला_गिअर

झीरो डेप आहे, पण क्लेम करत नाही. उद्या सकाळी पीळ काढायला नेते. गॅरेज तीन किमीवर आहे, चालवत नेऊ का?

---

तेल_पाना

थ्रॉटल सुटतोय, डिस्क घासत नाही, दोन्ही ब्रेक धरतात, तर तीन किमी चालेल. ३० च्या आत ठेवा. गिअर लिव्हर मात्र आधी सरळ करा. तो कव्हरला लागतोय तोवर वरचा गिअर अर्धवट बसेल आणि मधेच निसटेल. ते जमणार नसेल तर टेम्पो सांगा.