ताब्यापूर्वी सदनिकेची तपासणी: तीन दरपत्रकांत एवढी तफावत का?

पुनावळेकर
पुण्यात पुनावळे येथे घेतलेल्या दोन बेडरूमच्या सदनिकेचा ताबा घेण्याविषयी बिल्डरचे पत्र आले असून रेरा (स्थावर मालमत्ता कायदा) नुसार कार्पेट क्षेत्र, म्हणजे घरातले प्रत्यक्ष वापरायचे क्षेत्र, 720 चौरस फूट आहे. त्याआधी त्रयस्थ तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी म्हणून तीन ठिकाणी चौकशी केली. पहिल्याने सरसकट 4,000 रुपये सांगितले, दुसऱ्याने चौरस फुटाला 12 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, तर तिसऱ्याने थर्मल कॅमेरा व दुरुस्तीनंतरची दुसरी फेरी धरून 17,500 रुपये. घर तेच असताना चौपटीहून अधिक फरक कसा पडतो, आणि स्वस्तातला पर्याय घेतल्यास नेमके काय हुकते, हे जाणकारांनी सांगावे.

ओळंबा
मी स्थापत्य अभियंता आहे. घर तेच असले तरी काम तेच नसते. 4,000 रुपयांत बहुधा एक माणूस दीड-दोन तास येतो, नळ आणि दिवे चालू करून पाहतो, दारे-खिडक्या उघडझाप करतो, खोलीतल्या चार-दोन फरश्या ठोकून पाहतो आणि यादी व्हॉट्सॲपवर पाठवतो. प्रत्येक फरशी ठोकून पोकळ वाजणाऱ्या फरशीवर खूण करायची, प्रत्येक सॉकेटचे अर्थिंग तपासायचे, लेझरने मापे घेऊन कार्पेट क्षेत्र काढायचे आणि छायाचित्रांसह अहवाल लिहायचा, तर दोन माणसांचा जवळजवळ पूर्ण दिवस जातो.

बाथरूमचेच उदाहरण घ्या. बादलीभर पाणी ओतून ते नहाणी ट्रॅपकडे (जमिनीतल्या जाळीच्या निचऱ्याकडे) जाते का, हे पाच मिनिटांत कळते. वॉटरप्रूफिंग तपासायचे असेल तर ट्रॅप बंद करून किमान 24 तास पाणी तुंबवून ठेवावे लागते आणि दुसऱ्या दिवशी खालच्या सदनिकेत जाऊन छताला ओल आली आहे का ते पाहावे लागते. त्यासाठी दुसरी खेप, खालच्या घराची किल्ली आणि बिल्डरची परवानगी लागते. ही चाचणी दरात धरली आहे का, हे तिघांनाही विचारा.

थर्मल कॅमेऱ्याच्या नावाखाली मात्र फार पैसे मोजू नका. तो पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो, भिंतीतले पाणी नव्हे. बाहेरची भिंत उन्हाळ्यात कोरडी असेल, तर पावसात ती झिरपेल की नाही हे त्यात दिसणार नाही.

सिंहगडरोड
रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून 5 वर्षांपर्यंत बांधकामातील, कारागिरीतील वा सेवांमधील दोष कळवल्यावर बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दूर करायचे आहेत. मग हा खर्च आधीच कशाला करायचा?

ओळंबा
तरतूद बरोबर आहे आणि गळतीसारख्या दोषांत ती उपयोगीही पडते. पण फुटलेल्या फरशीची किंवा चरे पडलेल्या खिडकीच्या काचेची तक्रार ताब्यानंतर केली, तर ‘तुमच्या फर्निचरवाल्याने केले असेल’ हे उत्तर ठरलेलेच असते. ताब्याआधीच्या दिनांकित छायाचित्रांमुळे तो वाद उरत नाही. तपासणी फार लांबवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे, कारण भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा अधिकृत दाखला) मिळाल्यापासून 2 महिन्यांत ताबा घेणे कलम 19(10) नुसार खरेदीदारावर बंधनकारक आहे.

हडपसरवासी
मी पैसे वाचवायचे झाल्यास कॅमेऱ्यात वाचवीन, दुसऱ्या फेरीत नाही. आमच्याकडे पोकळ फरश्या बदलल्याचे कळवण्यात आले होते. प्रत्यक्षात सांध्याला बारीक भोक पाडून आत सिमेंटचे पातळ मिश्रण सोडले होते आणि वरून ग्राउट (सांधे भरायचा मसाला) फिरवला होता. नजरेला सारे ठीक होते, परंतु तपासनिसाने पहिल्या यादीतल्या फरश्या पुन्हा ठोकल्या तेव्हा अर्ध्याअधिक तशाच वाजल्या. दुसरी फेरी नसती, तर आम्ही यादीवर सही करून मोकळे झालो असतो.

ठाणेकर
जुने घर घेणाऱ्यांसाठी एक खुलासा करतो. लाखांच्या घरातले जे आकडे कानावर येतात, ते सहसा संपूर्ण इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे असतात. त्यात काँक्रीटच्या आणि सळयांच्या चाचण्या येतात आणि खर्च सोसायटी करते. पुनर्विक्रीत तो अहवाल सोसायटीकडे मागावा. सदनिकेच्या तपासणीशी त्याच्या दराची तुलना करू नये.

पुनावळेकर
सर्वांचे आभार. दुसऱ्याकडे खोदून विचारले, तेव्हा त्याचे 12 रुपये कार्पेटवर नसून 1,000 चौरस फूट सेलेबल क्षेत्रावर (जिना, लॉबी वगैरेंचा वाटा धरून बिल्डर सांगतो त्या क्षेत्रावर) असल्याचे निघाले. म्हणजे जीएसटीसह 14,160 रुपये. कार्पेटवर हिशेब केला असता तर 10,200 च्या आत बसले असते. आता तो कार्पेटवर दर लावायला तयार आहे आणि पाणी तुंबवण्याची चाचणी त्यातच करणार आहे. दुसऱ्या फेरीचे 2,500 वेगळे मागतो.

ओळंबा
तेवढे द्यायला हरकत नाही. मात्र त्या दिवशी मीटर जोडलेला आणि टाकीत पाणी आलेले असल्याची बिल्डरकडून लेखी खात्री घ्या. नाहीतर निम्मी तपासणी राहून जाते आणि जादा खेपेचे पैसे तुमच्याच माथी येतात.